साक्षीचें ऋण

ता. २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं पुण्यांत ओंकारेश्वराजवळील पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली. शेजारीं असें कांहीं घडलें कीं, आम्ही सुशिक्षित प्रथम खिडकी लावतों, मग ‘आम्हीं कांहीं पाहिलें नाहीं’ म्हणतों, आणि सायंकाळीं निषेधसभेस जातों! (प्राध्यापकवर्ग तर यांत अग्रेसर.) भीति हा गुन्हा नव्हे, हें आम्हांस मान्य आहे; मुलाबाळांच्या धन्यास भ्याड म्हणण्याचा अधिकार कोणास? परंतु त्या सकाळीं पुलावर झाडलोट करणाऱ्या महानगरपालिकेच्या एका सफाई-कामगारानें पुढें न्यायालयांत उभें राहून आरोपींस ओळखलें, ता. १० मे २०२४ रोजीं विशेष न्यायालयानें दोघांस जन्मठेप दिली. त्यास भीति नव्हतीच, असें मानलें तर आमचा बचाव टिकतो. पण तसें मानण्यास आधार काय?