स्मृतिभ्रंश : दोष की व्याधी?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्मृतिभ्रंश क्रोधातून, संमोहातून उपजतो. तो मनाचा दोष होय. वैद्यक त्याच नावाने मेंदूची व्याधी ओळखते. या दोहोंची गल्लत करून आम्ही रोग्याला ‘म्हातारचळ लागला’ म्हणून हिणवितो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख जन या व्याधीने ग्रस्त आहेत.

थायरॉइडचा स्राव वा ब-१२ जीवनसत्त्व उणे पडून आलेले विस्मरण उपचारांनी निवळूही शकते. म्हणून वेळीच तपासणी करविणे हा पुत्रधर्मच आम्ही मानतो. व्याधी असाध्य ठरली, तरी शुश्रूषेने थकलेल्या सुनेला विसावा देणे हे आम्हां सर्वांचे कर्तव्य उरते. देव नावाने हाक मारीत नाही म्हणून कोणी नैवेद्य चुकवीत नाही. मग नाव विसरलेल्या मातेच्याच सेवेत खंड का पडावा?