दोष कोठें आहे?

जुनी वस्तु बिघडली म्हणजे "आतां हिचें वय झालें" असें म्हणून मोकळें होण्याची आपणां सर्वांस संवय आहे. हें वाक्य ऐकावयास मोठें समंजसपणाचें वाटतें. पण बहुधा ती निदान टाळण्याची सबब असते, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. दोष शोधल्यावांचून दोषी ठरविणें ही केवळ बुद्धीची चूक कीं नीतीचीहि, हा प्रश्न आम्हीं तर्कशास्त्राच्या वर्गांत कित्येक वर्षें पुस्तकी उदाहरणें देऊन चघळला. त्याचें सजीव उदाहरण मात्र आम्हांस एका शिडाच्या नौकेंत मिळालें.

गेल्या ऑगस्ट महिन्यांत आम्ही अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे पाहुणे होतों. मायामी शहराला लागून असलेल्या बिस्केन उपसागरांत त्याची ३६ फुटी नौका धक्क्याला बांधलेली असते. वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेंत एअर-कंडिशनर कशाला, अशी शंका वाचकांस येईल; आम्हांसहि आली. परंतु नौका धक्क्याला लागली म्हणजे आंत वारा खेळत नाहीं, डासांमुळें झडपा लावून घ्याव्या लागतात, आणि त्या दिवसांत समुद्राचें पाणीच ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असतें. आमची शंका एका रात्रींत फिटली, कारण त्याच रात्रीं यंत्र बंद पडलें.

वीस-बावीस वर्षांचें तें यंत्र सुरू होई, दहा मिनिटें गार वारा देई, आणि मग आंतील दाब वाढल्याची खूण दाखवून आपोआप थांबे. सकाळीं आलेल्या मेकॅनिकानें त्याच्यावरील पाटी वाचली आणि निकाल दिला, "जुनें झालें आहे. नवें बसवा, नाहींतर तूर्त थोडा गॅस भरून देतों." आमचा विद्यार्थी नव्याची किंमत विचारूं लागला. इतक्यांत शेजारच्या नौकेवर राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनीं सहज विचारलें, "यंत्र चालू असतां बाजूनें पाणी किती पडतें?" याचें उत्तर आमच्यापैकीं कोणालाच देतां येईना.

या प्रश्नाचें मर्म असें. उष्णता नाहींशी करतां येत नाहीं; ती एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे टाकावी लागते. घरांतलें यंत्र ती बाहेरच्या हवेंत टाकतें, नौकेंतलें समुद्राच्या पाण्यांत. नौकेच्या बुडाशीं असलेल्या छिद्रांतून पाणी आंत येतें, गाळणींतून पंपांत जातें, तापलेल्या गॅसच्या नळीला लागून वाहतां वाहतां तिची उष्णता घेतें, आणि बाजूच्या भोंकांतून बाहेर पडतें. हा प्रवाह आटला कीं उष्णता आंतच कोंडते, दाब चढतो आणि यंत्र स्वतःच्या रक्षणासाठीं थांबतें. आम्हीं वांकून पाहिलें, तों जेथें अंगठ्याएवढी धार पडावयाची, तेथें करंगळीएवढीहि पडत नव्हती.

मग बाहेरून आंत असा शोध सुरू झाला. गाळणी समुद्रांतल्या गवतानें भरलेली होती. ती साफ करतांच धार थोडी वाढली. बुडाचें छिद्र कवचधारी जीवांनीं अर्धें बुजविलें होतें. तें विद्यार्थ्यानें पाण्यांत उतरून खरवडलें. असल्या पंपाला स्वतः पाणी वर ओढून घेतां येत नाहीं, म्हणून तो पाण्याच्या पातळीखालीं बसविलेला असतो. नळींत अडकलेली हवा काढून टाकल्यावर तो नीट चालूं लागला. शेवटीं राहिला नळीच्या आंत जमलेला क्षारांचा थर. तो सौम्य अम्ल फिरवून व गोड्या पाण्यानें धुऊन उतरविला. सायंकाळीं लावलेलें यंत्र पहाटेपर्यंत न थांबतां चाललें. कॉम्प्रेसर, म्हणजे यंत्राचें हृदय, पहिल्यापासून निर्दोष होता.

आमच्या नैयायिकांनीं "अन्यथासिद्ध" अशी एक संज्ञा योजिली आहे. घट घडण्यापूर्वीं माती वाहून आणणारें गाढव तेथें असतें, म्हणून कांहीं तें घटाचें कारण होत नाहीं. या प्रसंगीं वय हें कुंभाराचें गाढव होतें. बिघाडाच्या वेळीं तें हजर होतें खरें. पण क्षार सांचले ते न धुतल्यामुळें, आणि गाळणी तुंबली ती न उघडल्यामुळें. ती उघडणें हें काम मालकाचें होतें. येथें चुकीच्या अनुमानाला नीतीचें अंग फुटतें. "वय झालें" असें म्हणतांच आपल्या हयगयीचा दोष आपण एका मुक्या वस्तूच्या पदरीं टाकतों, आणि वर व्यवहारज्ञ म्हणवून घेतों.

मेकॅनिकाची गॅस भरण्याची सूचना तर अधिकच विचार करण्याजोगी आहे. हा गॅस बंद नळ्यांत फिरतो. तो खर्च होत नाहीं. तो कमी झाला असेल तर कोठें तरी गळत आहे, आणि गळती न बुजवितां भरणें म्हणजे तो हवेंत सोडणें होय. कमी झाला नसेल, तर जादा गॅसानें दाब आणखी चढून रोगच बळावेल. त्या यंत्रांत आर-२२ हा जुना गॅस होता. त्याच्या जवळच्या क्लोरोफ्लुओरोकार्बन वर्गांतील द्रव्यांपासून ओझोनच्या थराला असलेला धोका मोलिना व रोलंड यांनीं १९७४ सालीं दाखवून दिला. १९८७ सालीं माँट्रिअल येथें राष्ट्रांनीं करार केला. आणि आर-२२ मध्येंहि क्लोरीन असल्यामुळें अमेरिकेंत १ जानेवारी २०२० पासून त्याचें नवें उत्पादन व आयात बंद झाली. शंभर वर्षांच्या हिशेबानें, वजनास वजन, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,८०० पट तापमान वाढवितो. तो जाणूनबुजून हवेंत सोडण्यास तेथें कायद्याची बंदी आहे. परंतु गळणारा गॅस डोळ्यांस दिसत नाहीं, आणि ज्यांचें नुकसान व्हावयाचें ते त्या धक्क्यावर उभे नसतात. न दिसणाऱ्या माणसांशीं आपण किती प्रामाणिक आहों, याची परीक्षा अशाच क्षुल्लक जागीं होते.

कोणी म्हणेल, चैनीच्या यंत्रावर एवढी तत्त्वचर्चा कशाला? याच फ्लॉरिडांतील अपलाचिकोला गांवीं डॉक्टर जॉन गॉरी यांनीं तापाच्या रोग्यांच्या खोल्या गार राखण्याच्या ध्यासानें बर्फाचें यंत्र रचलें आणि १८५१ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. तेव्हां गारव्याच्या या उद्योगाच्या मुळाशीं करुणाहि आहे, एवढें तरी मान्य व्हावें. दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे: प्रत्येक वस्तूला शेवट असतोच. तो आम्हांस मान्य आहे. उद्यां त्या यंत्राचा गॅस खरोखरच गळूं लागला, तर उरलेला रीतसर काढून घेऊन यंत्र मोडींत टाकणें हेंच योग्य ठरेल. निकाल चौकशीनंतर द्यावा, एवढाच आमचा आग्रह आहे.

यंत्र चालू झालें त्या रात्रीं गार हवा असूनहि आम्हांस झोंप लागली नाहीं. आमच्या उमेदीच्या काळांत एक मुलगा वर्गांत मागच्या बांकावर नेहमीं झोंपत असे. "अभ्यासांत लक्ष नाहीं" असा शेरा आम्हीं त्याच्या नांवापुढें दोनदां लिहिला, आणि तिसऱ्या वेळीं त्यास परीक्षेला बसूं देऊं नये अशी शिफारस केली. तो कॉलेज सोडून गेला. पुढें आम्हांस कळलें, कीं तो रात्रभर छापखान्यांत काम करून सकाळीं तसाच वर्गांत येत असे. आम्हींहि पाटी वाचूनच निकाल दिला होता. "रात्रीं तूं कोठें असतोस?" एवढें विचारण्यास अर्धें मिनिट पुरलें असतें. आज तो कोठें असेल, ठाऊक नाहीं. त्याला विचारावयाचा प्रश्न मात्र आमच्यापाशीं तसाच पडून आहे.