शस्त्रे घडविणाऱ्याचे पुढे काय करावे?

ज्या शत्रूशी झुंजण्यात एखाद्या माणसाचे सारे आयुष्य गेले, तो शत्रूच नाहीसा झाला तर त्या माणसाचे पुढे काय करावे? हा प्रश्न आम्हांस कोणा तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथात भेटला नाही. तो भेटला मुलांच्या एका चित्रमालिकेत. वाचकांनी हसू नये. दिवाळीच्या सुट्टीत आमचा आठ वर्षांचा नातू आमच्याकडे, म्हणजे महाराष्ट्रापासून रेल्वेने दीड दिवसाच्या वाटेवर असलेल्या आमच्या सरकारी निवासस्थानी आला होता. त्याच्या शेजारी बसून, प्रथम कंटाळत आणि मग कंटाळा विसरून, आम्ही ती मालिका पाहिली. आमच्या निवृत्तीस तेव्हा सव्वा वर्ष उरले होते. कदाचित त्यामुळेच ती मनात रुतून बसली असेल.

मालिका अमेरिकेतली, 2012 साली सुरू झालेली. नाव 'रायडर्स ऑफ बर्क'. तिच्या मुळाशी 2010 सालचा चित्रपट आणि त्याच्याही मुळाशी क्रेसिडा कॉवेल या इंग्रज लेखिकेचे 2003 सालचे पुस्तक आहे. बर्क हे उत्तरेच्या थंड समुद्रातील व्हायकिंगांचे एक काल्पनिक बेट. पिढ्यान्‌पिढ्या तेथील माणसे आग ओकणाऱ्या, पंख असलेल्या ड्रॅगनांशी लढत आली. मुखियाचा किडकिडीत मुलगा हिकप याने एका जखमी ड्रॅगनाशी मैत्री केली, आणि त्यातून पुढे ते युद्धच संपले. चित्रपट येथे संपतो. कथा बहुधा अशा ठिकाणीच संपतात. मालिका मात्र तहाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, आणि हेच तिचे शहाणपण. तह झाल्यावर कोणाच्या घरात चूल पेटेनाशी होते, हे पाहावयास सहसा कोणी थांबत नाही.

आम्ही सांगतो आहो तो मालिकेतला दुसराच भाग. बर्कचा लोहार गॉबर याला एक हात नाही व एक पाय नाही. दोन्ही ड्रॅगनांनी नेले. तुटलेल्या हाताच्या जागी तो कधी आकडा, कधी हातोडा, कधी चिमटा बसवितो. गावातील प्रत्येक कुऱ्हाड, प्रत्येक गदा त्याच्या भट्टीतून निघालेली. हिकप त्याच्याच हाताखाली शिकला; युद्धात हिकपचा पाय गेला तेव्हा कृत्रिम पाय घडविला तोही गॉबरनेच. आता शांतता आहे. ड्रॅगन घरांच्या छपरांवर पाळीव पाखरांसारखे बसतात, आणि गॉबरकडे गिऱ्हाईक येत नाही. मुखिया स्टॉइक हा त्याचा जुना मित्र. त्याला ती अवस्था पाहवत नाही. हिकप आपल्या ड्रॅगनशाळेत गॉबरला काम देऊ पाहतो. पण आयुष्यभर मारण्याचीच विद्या केलेला माणूस मुलांना ड्रॅगन सांभाळण्यास कसा शिकविणार? जो तो त्याच्याशी गोड बोलतो, आणि प्रत्येक गोड शब्दाने तो अधिकच अडगळीत पडतो.

हा भाग आम्हांस फार खरा वाटला. नोकरीत ज्यांनी काही वर्षे काढली आहेत त्यांना 'अतिरिक्त ठरलेला कर्मचारी' हा शब्दप्रयोग परिचित असेल. पद नाहीसे होते, माणूस उरतो. 2013 च्या जुलैत भारतातील तारसेवा बंद झाली, तेव्हा तारखात्यातील माणसांना इतरत्र सामावून घेतले गेले. कोणाचा पगार बुडाला असे आमच्या पाहण्यात नाही. पण पगार आणि गरज या दोन भिन्न वस्तू आहेत. माणसाला पैसा लागतो हे उघडच आहे. त्याशिवाय आपल्यावाचून कोणाचे तरी अडावे, असेही त्याला वाटत असते. पहिली भूक दान देऊन भागविता येते, दुसरी येत नाही. किंबहुना दानाने ती अधिकच प्रखर होते, कारण जे काम केवळ आपल्यासाठी म्हणून निर्माण केले गेले, ते आपल्यावाचून अडत नव्हते याचा तो पुरावाच असतो. हिकपचा सद्भाव वादातीत आहे. तथापि त्याने गॉबरला जे देऊ केले ते काम नव्हे, कामाचा वेष घातलेली सहानुभूती होती. आणि गॉबरसारख्या माणसाला ती ओळखता आली नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

इथवर करुणेचाच विषय झाला. परंतु पुढे कथेला जे वळण मिळते त्याने आम्ही खरोखर अस्वस्थ झालो. स्नॉटलाउट नावाच्या एका फुशारक्या मारणाऱ्या पोराचा ड्रॅगन हूकफँग एकाएकी बेफाम होतो. हा जातीचाच भयंकर, स्वतःच्या अंगाला आग लावून घेणारा. तो कोणाला जुमानीत नाही, गावाला त्याच्यापासून धोका उत्पन्न होतो. अखेर मुखिया ठरवितो की, याचा बंदोबस्त जुन्या रीतीने करावा, आणि ते काम अर्थात गॉबरकडे येते. त्या क्षणी गॉबरचा चेहरा उजळतो. आम्ही ते दृश्य नातवाकडून पुन्हा लावून घेऊन पाहिले. तो दुष्ट माणूस नव्हे. त्याला त्या प्राण्याचा द्वेषही उरलेला नाही. त्याला आनंद होतो तो इतकाच की, गावाला पुन्हा आपली गरज पडली.

आम्हांस वाटते, जगातील पुष्कळशी क्रूरता अशा निर्द्वेष आनंदातूनच जन्म घेत असावी. द्वेष एक वेळ थकतो, पण रिकामे बसलेले कौशल्य थकत नाही. ते आपला जुना शत्रू शोधीत राहते, आणि शोधणाऱ्याला शत्रू सापडतोच. आमच्यासारख्यांना याची उदाहरणे देण्याची आवश्यकता नाही. ज्या कार्यालयाचे प्रयोजन संपले आहे त्याच्या टिपणांत धोक्याची भाषा कशी वाढत जाते, तपासणीचे अधिकार असलेला विभाग आपल्या वर्षअखेरीच्या आकड्यांसाठी अपराधी कसे जमवितो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यात कोणी लबाड असेलच असे नाही. तेथे बहुधा एखादा गॉबर बसलेला असतो.

म्हणून शस्त्रकाराच्या उपजीविकेचा प्रश्न हा केवळ दयेचा प्रश्न नव्हे. शांतता टिकावयाची असेल तर तिने आपल्या गॉबरांना विसरू नये, यात समाजाचा स्वार्थही आहे. राजस्थानात नोकरी केलेल्या वाचकांनी रस्त्याकडेला गाडिया लोहारांच्या गाड्या पाहिल्या असतील. त्यांची परंपरा सांगते की, ते मेवाडच्या राण्यांचे शस्त्रकार. 1568 साली चित्तोड पडले तेव्हा गड परत मिळेपर्यंत घराच्या छपराखाली न राहण्याची शपथ घेऊन ते निघाले. 1955 साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांना सन्मानाने चित्तोडगडावर नेण्यात आले. समारंभ मोठा हृद्य झाला असेल. पण आजही त्यांच्यापैकी अनेकांच्या गाड्या शहरांच्या कडेलाच दिसतात. आमचे लक्ष मात्र त्यांच्या शपथेपेक्षा त्यांच्या ऐरणीकडे जाते. तलवारी घडविणाऱ्यांच्या वंशजांनी चिमटे, खुरपी, कुऱ्हाडी घडविल्या, आणि हे संक्रमण कोणत्याही योजनेवाचून, कोणाचाही सल्ला न घेता केले. शपथ गडाशी बांधलेली होती, विद्या लोखंडाशी.

गॉबरच्या कथेतही तेच घडते. ऐन वेळी हिकपच्या ध्यानात येते की, हूकफँग पिसाळलेला नाही, त्याचा एक दात किडला आहे आणि वेदनेने तो वेडापिसा झाला आहे. मग गॉबर ड्रॅगनाला मारावयाऐवजी त्याचा दात उपटतो. शेवटी तो ड्रॅगनांच्या दातांचा वैद्य होऊन बसतो.

यावर कोणी म्हणेल, हा लेखकाने सोयीस्करपणे कथेत आणून बसविलेला दात आहे. प्रत्यक्षात असे दात सापडत नाहीत. आक्षेप खरा आहे. तरीपण एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या जबड्याशी गॉबर आयुष्यभर झुंजला, त्या जबड्याच्या इतक्या जवळ गावातले दुसरे कोण गेले असेल? शत्रूचे ज्ञान हे फार जवळून झालेले ज्ञान असते. म्हणूनच गीतेतील स्वधर्माचा विचार करताना आम्हांस अलीकडे असे वाटू लागले आहे की, गॉबरचा धर्म ड्रॅगन मारणे हा कधीच नव्हता. तो त्याच्या धर्माचा काही काळापुरता उपयोग होता. त्याला ते स्वतःला कळले नाही, आणि कळावे अशी अपेक्षा तरी कशी करावी? कोणीतरी त्याचा उगारलेला हात धरावा लागला. तो हात धरणारा त्याचाच शिष्य निघाला, हे त्याचे भाग्य.

परंतु दात कोणी पाहिला नव्हता, ही गोष्ट उरतेच. साऱ्या गावाने प्राण्याचे वर्तन पाहिले, मुखियाने निर्णय दिला, आणि कोणासही त्याचे तोंड उघडून पाहावेसे वाटले नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दूरच्या ठाण्यावर आमच्या हाताखाली एक कारकून होता. कामात चोख; पण एका वर्षी तो एकाएकी उर्मट झाला, उशिरा येऊ लागला, एकदा तर सर्वांदेखत फाइल टेबलावर आपटून निघून गेला. आम्ही त्याच्या गोपनीय अहवालात एक वाक्य लिहिले. वाक्य नेमके होते, त्यात असत्य काही नव्हते, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर ते लिहिताना आपण शिस्त राखतो आहो याचे थोडे समाधानही झाले होते. त्याची पदोन्नती तीन वर्षे लांबली. त्या वर्षी त्याची पत्नी तेथील रुग्णालयात खाटेला खिळून होती आणि रात्रीचे जागरण तो एकटाच करीत होता, हे आम्हांस आमची बदली झाल्यावर, रेल्वेच्या फलाटावर भेटलेल्या दुसऱ्या एका सहकाऱ्याकडून कळले. त्याने ते सहज सांगितले. आम्हांस ते ठाऊकच असेल असे त्याला वाटत होते.

भाग संपल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, त्यांनी आधीच त्याचा दात का नाही बघितला?" आम्ही म्हणालो, "त्यांना तो चावेल असं वाटलं असेल." त्याचे समाधान झालेले दिसले नाही. त्याने पुढचा भाग लावला, आणि आम्ही त्याच्या शेजारी तसेच बसून राहिलो.