बाणासुराचे हात

पिढीजात वैर जपणाऱ्या दोन समूहांतील तरुणतरुणींनी एकमेकांवर जीव लावावा, दोन्ही समूहांनी त्यांच्या आड यावे आणि अखेरीस कोणाचा तरी बळी पडावा, ही कथा सुरातालात सांगण्याचा मोह बहुतेक समाजांना पडलेला आहे. अमेरिकेत १९६१ साली निघालेल्या ‘वेस्ट साइड स्टोरी’त न्यूयॉर्कच्या गल्लीतील दोन टोळ्या आहेत, नागराज मंजुळे यांच्या २०१६ सालच्या ‘सैराट’मध्ये पाटलाची मुलगी आणि मासे धरणाऱ्याच्या घरातला मुलगा आहे. पहिल्यात नायकाचे प्रेत उचलण्यास अखेर दोन्ही टोळ्यांतील पोरे पुढे होतात. दुसऱ्यात, ज्या अजय-अतुलांच्या संगीतावर अवघा महाराष्ट्र नाचला ते संगीतच शेवटच्या प्रसंगी मुके होते, आणि खांदा द्यायला कोणीही येत नाही.

निरपराध्याचे रक्त सांडल्यावाचून द्वेष शमत नाही काय, हा येथे खरा धार्मिक प्रश्न आहे. एकाच्या मरणाने सर्वांचे पाप धुतले जाते, ही श्रद्धा ख्रिस्ती मनात खोल मुरलेली असल्यामुळे त्या अमेरिकन बोलपटाचा शेवट तेथील प्रेक्षकाला दुःखद असूनही पावन वाटत असावा. आमच्या पुराणांनी मात्र या प्रश्नाचा निवाडा निराळा केला आहे.

कणकवली तालुक्यातील कोणत्याही जत्रेत मध्यरात्र उलटल्यावर दशावतारी मंडळी आख्यान लावतात, मृदुंग आणि पायपेटी यांच्या साथीने राजे आणि राक्षस एकमेकांवर धावून जातात, आणि लुगडे नेसलेला पुरुषच नायिका होऊन असा विलाप करतो की समोर बसलेल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसतात. या रंगभूमीला सर्वस्वी साजणारी कथा भागवताच्या दशम स्कंधात आहे. शोणितपुरचा बाणासुर हा बळीचा पुत्र, शिवाचा परम भक्त आणि सहस्र बाहूंचा धनी; हे बाहू मला भार झाले आहेत, माझ्या तोडीचा प्रतिस्पर्धी दे, असे तो प्रत्यक्ष शंकरालाच ऐकवतो. त्याची कन्या उषा हिला स्वप्नात एक तरुण दिसतो. सखी चित्रलेखा एकामागून एक पुरुषांची चित्रे काढत जाते आणि कृष्णाचा नातू अनिरुद्ध याचे चित्र पाहताच उषा लाजून मान खाली घालते. चित्रलेखा योगबळाने त्याला द्वारकेहून अंतःपुरात आणते, बोभाटा होतो, आणि बाण त्याला नागपाशाने बांधून ठेवतो. मग यादवांची सेना चालून येते, शिव आणि कृष्ण समोरासमोर उभे राहतात, शिवाचा ज्वर आणि विष्णूचा ज्वरदेखील परस्परांशी झुंजतात. अखेरीस कृष्ण चक्र सोडतो ते बाणाच्या बाहूंवर. झाडाच्या फांद्या छाटाव्यात तसे ते हात गळून पडतात. शिवाने रदबदली केल्यावर चार हात आणि प्राण तेवढे राखले जातात, आणि तोच बाण मुलीला व जावयाला रथात बसवून सन्मानाने आणून देतो.

प्रेमिकांचे मस्तक छाटून वैर मिटवावे, हा विचार या कथाकाराच्या मनाला शिवलाच नाही. छाटायचे ते बापाच्या दर्पाचे हात, असा त्याचा स्वच्छ निर्णय आहे. अर्थात राजाची सोयरीक राजाघरीच झाली, आणि वराच्या पाठीशी साक्षात कृष्णाची फौज होती, हे विसरून चालणार नाही.

ज्यांच्या पाठीशी अशी फौज नव्हती, त्यांचे काय झाले हे बिदर जिल्ह्यातील कल्याणला विचारावे. बाराव्या शतकात तेथे बसवेश्वरांच्या शरण-मंडळीत मधुवरस या मूळच्या ब्राह्मणाची कन्या आणि चर्मकार हरळय्या यांचा पुत्र यांचा विवाह झाला. शरणांचा युक्तिवाद सरळ होता: दीक्षा घेतल्यावर पूर्वीची जात उरतच नाही, मग हा प्रतिलोम विवाह कसा? बिज्जल राजाच्या दरबाराला तो मानवला नाही, आणि दोन्ही बापांना देहान्त शासन झाले, असे परंपरा सांगते. मुलांना कवटाळणारे बापच येथे बळी गेले, ही गोष्ट मला ‘सैराट’च्या शेवटाहूनही अधिक अस्वस्थ करते.

रोटीव्यवहार पंगतीत बसून सुटतो. बेटीव्यवहाराला घर द्यावे लागते. ज्यांनी १९४८ साली कणकवलीत गोपुरी आश्रम काढला, आणि रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून ज्यांनी धरलेल्या आग्रहास पाठिंबा देण्यासाठी १९३२ साली गांधीजी येरवड्यात उपोषणास बसले, त्या अप्पासाहेब पटवर्धनांना आज सारी कणकवली मानते. मेलेली ढोरे सोलण्याचे काम त्या ब्राह्मणाने स्वतः केले, हेही अभिमानाने सांगितले जाते; परंतु सोयरिकीची बोलणी निघाली की तीच माणसे प्रथम आडनाव विचारतात आणि मग गाव. चित्रपटातील प्रेतावर रडणे सोपे, कारण प्रेत सून म्हणून उंबरठा ओलांडून येत नाही.

कृष्णाच्या फौजेचे काम आता कायद्याकडे आले आहे. फोंडाघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ सालीच आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत नोटीस लावली जाते आणि हरकतीसाठी ३० दिवसांची मुदत असते. वास्तविक ही तरतूद फसवणूक टाळण्यासाठी, परंतु बाणासुराच्या हातांना ठावठिकाणा कळतो तोही बहुधा याच कागदावरून. ती नोटीस वाचून कचेरीत तावातावाने जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: आधीचा जोडीदार हयात असणे, वय अपुरे असणे, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणे आणि निषिद्ध नाते असणे, एवढ्याच हरकती तेथे चालतात. जात आणि धर्म त्या यादीत नाहीत.