माणसं कमी म्हणून

पाय मोडून हाडांच्या वॉर्डात दाखल झालेला पन्नाशीचा गृहस्थ. दोन दिवस ठीक जातात. तिसऱ्या रात्री त्याला चादरीवर मुंग्या दिसू लागतात, तो सलाइन उपटतो आणि घरी निघतो. नातेवाईक म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. वॉर्डातले मामा बँडेजच्या पट्टीने त्याचे हात कॉटला बांधतात.

हे वेड नव्हे, दारू एकदम तुटल्याचा परिणाम आहे. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि पुढे हे भास सुरू होतात. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. ‘रोज किती घेता? शेवटची कधी घेतली?’ एवढं दाखल करतानाच विचारायला हवं होतं, तेही बायकामुलांना जरा बाहेर पाठवून. मग सिस्टरने घाम, थरथर, नाडी, भान यांची दर काही तासांनी नोंद ठेवली असती, त्यावरून औषधाचा डोस ठरला असता. ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायचं, हेही कुणाच्या तरी लक्षात राहिलं असतं. ते चुकलं तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

व्यसन, स्मृतिभ्रंश, सायकोसिस या तिन्हींत रुग्णाला स्वतःचं दुखणं धड सांगता येत नाही. म्हणून बघणाऱ्याची नजर हाच इथे निम्मा उपचार असतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी दोन दिवसांत एकाएकी बिथरल्या, तर आजार वाढला असं न म्हणता लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणारा दात शोधायचा; चष्मा आणि कानाचं यंत्र जागेवर आहे का, ते पाहायचं. शांत करण्याच्या गोळ्या सोप्या पडतात खऱ्या, पण सायकोसिसवरची औषधं अशा वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला. सायकोसिसवरचं क्लोझापिन घेणाऱ्या तरुणाला ‘पोट साफ झालं का?’ हे रोज विचारणं क्षुल्लक वाटतं. त्या औषधाने आतडं थांबून माणसं मेली आहेत. आणि जेवणात विष आहे म्हणणाऱ्याशी वाद घालायचा नसतो, मानही डोलवायची नसते. त्याच्यासमोर सीलबंद पाकीट फोडायचं आणि तो खाईपर्यंत थांबायचं.

थांबायचं कुणी, हा खरा प्रश्न. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीच्या अंगावर असलेल्या सिस्टरला संवेदनशीलतेची व्याख्यानं देणं मला निर्लज्जपणाचं वाटतं. वेळ नसतो, म्हणून पट्टी हाताशी येते.

तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण साखळदंडांसह जळाले, तेव्हा देश हळहळला. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाला बांधण्याच्या बाबतीत स्पष्ट आहे. तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि कारण नोंदवून बांधता येतं. शिक्षा म्हणून नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. तुमच्या माणसाला बांधलेलं दिसलं तर कुणाच्या आदेशाने, हे विचारा. कारणाची नोंद दाखवायला सांगा. सिस्टरवर मात्र ओरडू नका.

याच कायद्याने मनोरुग्ण-परिचारिकांसह या क्षेत्रातल्या तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचे प्रयत्न करायला सरकारांना दहा वर्षं दिली. कायदा २०१८ साली लागू झाला. मुदत २०२८मध्ये संपते.