चित्रपटाचा आस्वाद आणि ‘आपलेपणा’चे विघ्न

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘पावनखिंड’ (2022) या चित्रपटात मृणाल कुलकर्णी यांनी जिजाऊंची भूमिका केली आहे. सिंदखेडराजाचा प्रेक्षक तो पाहतो तेव्हा कथेचा शेवट त्याला ठाऊक असतो. पडद्यावरील स्त्री जिजाऊ नसून अभिनेत्री आहे, हेही ठाऊक असते. मग त्याला आनंद होतो तो कशाचा?

भट्टनायकाने या प्रश्नाला ‘साधारणीकरण’ हे उत्तर दिले: आस्वादकाळी पात्र ‘माझे’ वा ‘परक्याचे’ राहत नाही. अभिनवगुप्ताने तर स्वगत-परगत भावाने होणारा देशकालविशेषाचा आवेश रसविघ्नांतच गणला. या निकषाने ‘ही आमच्या गावची लेक’ ही जाणीव विघ्न ठरते, आणि जिजाऊंच्या गावचा प्रेक्षक इतरांहून उणा रसिक ठरतो. हा निष्कर्ष स्वीकारणे कठीण आहे.

अडचण माध्यमाच्या स्वरूपात आहे. ‘आई’ हा शब्द कोणत्याही आईला लागू पडतो. कॅमेऱ्याला मात्र एक विशिष्ट चेहरा टिपावाच लागतो. चित्रपट विशेषाला वगळू शकत नाही. फितीच्या काळात सेकंदाला 24 स्थिर चित्रे पडद्यावर पडत आणि प्रत्येक दोन चित्रांमध्ये क्षणभर अंधार असे. गती जुळत असे ती पाहणाऱ्याच्या ठायी. अर्थाचेही तसेच आहे. समोरचा चेहरा, स्मरणातील जिजाऊ आणि मातृत्व यांची जुळणी प्रेक्षकच करतो. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (1974) मांडलेले लौकिकतेचे आणि अलौकिकतेचे ध्रुव येथे एकाच अनुभवात कार्यरत दिसतात. स्थानिक स्मृती ही या जुळणीची सामग्री आहे, अडथळा नव्हे.

ती अडथळा केव्हा होते, हा प्रश्न नैतिक आहे. प्रतिमेने आपल्या पूज्यभावाला केवळ दुजोरा द्यावा, अशी मागणी प्रेक्षक करतो तेव्हा पाहण्याची जागा दर्शन घेते. दर्शनाचे मोल वेगळे आहे. पण तेथे मूर्तीने बदलू नये अशीच अपेक्षा असते. 1629 मध्ये जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव निजामशाही दरबारात मारले गेले. 1660 मध्ये पुत्र पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकला. या दोन घटनांमधील स्त्री निःशंक, निर्भयच असली पाहिजे, असा आग्रह धरणारा तिचा गौरव करतो, परंतु तिचे भय पाहण्याचे नाकारतो. ज्याला ते भय दिसते, त्याला ‘आमची’ जिजाऊ क्षणभर अनोळखी वाटते आणि त्यामुळेच अधिक कळते. चित्रपटाचा आनंद या कळण्यात आहे. त्यासाठी आपलेपणा सोडावा लागत नाही. त्यावरील मालकीचा दावा तेवढा सोडावा लागतो.