पाहण्यासारखे काय?

सहलीची यादी गेले आठ दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. दहावीच्या मुलांनी ती मोबाइलवर शोधाशोध करून तयार केली आणि वर ठळक अक्षरांत मथळा दिला, ‘मुंबईत गेल्यावर करायच्याच अशा वीस अविस्मरणीय गोष्टी’. गेटवे, घारापुरीची लेणी, मरीन ड्राइव्हवरचा सूर्यास्त, वांद्र्याचा सागरी पूल, गर्दीच्या वेळचा लोकलप्रवास (हा हट्ट पोरांचाच!), आणि पंधराव्या क्रमांकावर महालक्ष्मीचा धोबीघाट. सही करायला पेन उचलले होते, ते तिथेच थांबले.

१९९७ च्या डिसेंबरात मी याच शाळेत सहशिक्षक होतो. बेळगावकडून ठरवलेल्या गाडीने आम्ही पंचेचाळीस मुले मुंबईला नेली होती. दोन दिवसांत सारी मुंबई दाखवायची, असा आमचा पण! पहिला दिवस नेमका सोमवार निघाला आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात हे आम्हाला धक्क्यावर पोचल्यावर कळले. वेळ मोकळा पडला म्हणून एका अनुभवी सहकाऱ्यांनी महालक्ष्मीच्या पुलावर गाडी थांबवली. स्टेशनालगतच्या त्या पुलावरून खाली पाहिले की ब्रिटिश अमदानीपासूनचा तो घाट दिसतो. रांगेने बांधलेले हौद, प्रत्येकात एक दगड, गुडघाभर पाण्यात उभी राहून कपडे आपटणारी माणसे, आणि वर दोऱ्यांवर इस्पितळांच्या हिरव्या चादरी, हॉटेलांचे पांढरे पलंगपोस. शेजारी परदेशी पाहुणे कॅमेरे रोखून उभे होते. मुले हसत होती, आपटण्याची नक्कल करत होती. मी भूगोलाच्या तासासारखा ‘शहरातील व्यवसाय’ समजावून सांगत होतो.

आठवीतला एक मुलगा मात्र कठड्याकडे पाठ करून उभा होता. उंचीची भीती वाटत असेल, असे मी समजलो. रात्री धर्मशाळेत सतरंज्या घालताना तो जवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, थितं खाली माझा काका हाय. मला जाऊन भेटायचं होतं.”

“मग तिथंच का नाही सांगितलंस?”

“सगळी हसत होती की.”

दुसऱ्या दिवशी मत्स्यालय होते, राणीची बाग होती, परतीची वेळ ठरलेली होती. ‘पुढच्या वेळी बघू,’ असे मी त्याला म्हणालो. शिक्षकाच्या तोंडी हे वाक्य फार लवकर येते. त्याच्या पिशवीत काकासाठी आईने दिलेला कुंद्याचा पुडा होता, तो त्याने परतीच्या वाटेवर साताऱ्याच्या आसपास मुलांना वाटून टाकला. मीही एक तुकडा खाल्ला.

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. दुसऱ्याचे पोट भरण्याचे कष्ट आपल्यासाठी ‘प्रेक्षणीय स्थळ’ कसे होऊ शकते?

गेटवेची गोष्ट वेगळी. १९११ साली राजा पंचम जॉर्ज आला त्याची ती आठवण. कमान पुरी झाली १९२४ मध्ये, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण तिच्याखालूनच निघून गेली. तिच्याकडे कोणी कितीही पाहिले तरी दगडाला त्याचे काही वाटत नाही. माणसाला वाटते. एका कारहुणवीला मुंबईचे पाहुणे आमच्या घरी आले होते. बैलांचे फोटो काढून झाल्यावर त्यांनी चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या माझ्या आईवर कॅमेरा रोखला. आईने पदर पुढे ओढून तोंड फिरवले. पाहुणे चांगले होते, हेतू प्रेमाचाच होता. तरी स्वतःच्या घरात ती त्या क्षणी परकी झाली, एवढे मला दिसले.

माझे एक सहकारी याचा जोरदार प्रतिवाद करतात. ‘मग काय डोळे मिटून हिंडायचे? तुम्ही व्ही.टी.चे घुमट पाहा म्हणता, पण घुमटाखालच्या हमालाकडे पाहू नका म्हणता. हा कोणता न्याय?’ त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. इमारती तेवढ्या पाहून परतणारा माणूस पुलावरून हसणाऱ्यापेक्षा काही फार बरा नव्हे. न पाहणे हाही एक अपमानच. तेव्हा पाहावे की पाहू नये, असा हा वाद नाही. ज्याला आपण पाहतो त्याला आपल्याला पाहता येते का, एवढेच विचारायचे आहे. आपल्याकडे नवखा माणूस पारावर आला की कोणीतरी विचारतोच, “पावणं कुठलं म्हणायचं?” तो प्रश्न पुलावर कोणी विचारू शकत नाही. खाली उतरल्यावर विचारू शकतो. पंढरपूर किंवा सौंदत्ती ‘पाहून आलो’ असे आपण म्हणत नाही, दर्शन घेऊन आलो म्हणतो. आपले कानडी शेजारीही ‘दर्शन’च म्हणतात. तिथे आपण देवाला पाहतो आणि देव आपल्याला पाहतो, अशी समजूत आहे. शहराच्या बाबतीत आपण ही समजूत घरीच ठेवून निघतो.

पूर्वी मात्र असे नव्हते. माझ्या लहानपणी गावातून कोणी मुंबईला निघाला की आदल्या रात्री त्याच्या ओसरीवर रीघ लागे. कोणाची चटणी, कोणाचे लोणचे, एखादे बंद पाकीट, एखादा तोंडी निरोप. त्या माणसाला मग लालबाग, काळाचौकी, परळ असे चाळी धुंडाळत हिंडावे लागे. एकेका खोलीत वीस-पंचवीस गिरणी कामगार पाळीपाळीने झोपायचे, एक पाळी कामावर गेली की दुसरीच्या वळकट्या उलगडायच्या. निरोप्याला तिथे चहा मिळे, जेवण मिळे, आणि गावाकडचा पाऊस कसा आहे ते सांगावे लागे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्या वर्षी या निरोप्यांनी परत येताना आणलेल्या बातम्या अजून आमच्याकडे सांगतात. त्या माणसांनी राणीची बाग पाहिली नसेल, पण मुंबईला ती माणसे ठाऊक होती.

१८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिणारे गोविंद नारायण माडगांवकर मूळचे गोव्याकडचे, पेशाने शिक्षक. आपल्यासारखाच बाहेरून आलेला माणूस, पण त्या शहरात राहून, वावरून त्याने लिहिले. दोन दिवसांच्या सहलीला तेवढे जमणार नाही, हे कबूल.

आणखी एक सल सांगतो. त्या सहलीत हुतात्मा चौकातून आमची गाडी न थांबता गेली. गाडी उभी करायला जागाच नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले ते स्मारक. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भाग म्हैसूर राज्यात गेला आणि त्या दिवसापासून आपल्या कितीतरी घरांचा या चौकाशी संबंध आहे. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आम्ही खिडकीतून अर्धा मिनिट पाहिले. मत्स्यालयाला दीड तास दिला.

गेल्या जूनमध्ये एक पालक मुलीला आठवीत घालायला आले. दाखल्यावरचे आडनाव वाचून मी वर पाहिले. तोच मुलगा! आता चाळिशी ओलांडलेला, बाजारपेठेत इस्त्रीचे दुकान. मी सहलीचा विषय काढला, तेव्हा तो नुसता हसला. काकांची चौकशी केली.

“काका वारले सर. चुलतभाऊ बघतो आता. मशीनं बसवल्यात त्यानं.”

“पुलावरून दिसतं का त्याचं?”

“नाही. खाली उतरून डावीकडं जावं लागतंय.”

त्याने चुलतभावाचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. यादीतला पंधरावा क्रमांक मी खोडला नाही, त्यापुढे ‘खाली उतरून’ एवढे शब्द लिहिले आणि दुसऱ्या दिवसाची दुपार पूर्ण मोकळी ठेवली. मत्स्यालय तर आता तिथे राहिलेलेच नाही. सहलप्रमुख शिक्षक सकाळी विचारून गेले, या मोकळ्या जागेत कार्यक्रम काय लिहू? मी त्यांना कुंद्याचे पुडे किती लागतील ते मोजायला सांगितले आहे.